उत्सर्ग आणि अनुदान : सामुदायिक आरोग्याला दिलेल्या धनाचा धर्मविचार

रुग्णाला औषध देणे आणि गावाला आरोग्य देणे ही दोन्ही कामे धर्मादाय संस्थांच्या वार्षिक अहवालांत एकाच शीर्षकाखाली नोंदली जात असली, तरी धर्मविचाराच्या दृष्टीने त्यांची जात एक नाही. एखादी संस्था निर्धन रुग्णाच्या शस्त्रक्रियेचे देयक भरते तेव्हा देणारा कोण, घेणारा कोण, दिले काय आणि त्यातून काय साधले, हे सगळे प्रश्न सहज सुटतात. तीच संस्था एखाद्या तालुक्यातील पिण्याच्या पाण्यासाठी, बालकांच्या पोषणासाठी किंवा गावोगावच्या आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणासाठी पैसा देते, तेव्हा मात्र घेणारा नेमका कोण हे बोट दाखवून सांगता येत नाही, आणि जे घडले त्यापेक्षा जे घडले नाही, म्हणजे न लागलेली जुलाबाची साथ आणि न दगावलेले अर्भक, हेच त्या दानाचे फळ ठरते. ज्याला आजार झालाच नाही त्याला आपण कोणाचे उपकृत आहोत हे कळण्याचा मार्ग नसतो, आणि कृतज्ञतेवाचून उरणारे असे दान हे दानच आहे की दुसरे काही, हा प्रश्न वरवर वाटतो तितका पोकळ नाही.

कायद्याने हा प्रश्न फारसा मनावर घेतलेला नाही. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० (हाच आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो) धर्मादाय प्रयोजने सांगताना दारिद्र्याचे किंवा संकटाचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य आणि सार्वजनिक उपयुक्ततेचे अन्य कोणतेही कार्य अशी गणना करतो. म्हणजे आजारी माणसाला मदत ही स्वतंत्रपणे नाव घेऊन सांगितली जाते आणि आजार होऊच नये यासाठी केलेला खर्च बहुधा शेवटच्या, सर्वसमावेशक कोटीत जाऊन बसतो. धर्मशास्त्राला मात्र इतक्या सोयीने पुढे जाता आले नाही, कारण तेथे दानाची व्याख्याच काटेकोर होती. देवल या स्मृतिकाराने दानाची सहा अंगे मानली आहेत : दाता, प्रतिग्रहीता म्हणजे स्वीकारणारा, श्रद्धा, धर्माला धरून मिळवलेले देय द्रव्य, देश आणि काल. यातील दुसरे अंग गळाले तर बाकीची पाच असूनही दान पूर्ण होत नाही, कारण दान म्हणजे केवळ स्वतःचे स्वत्व, म्हणजे मालकी, सोडणे नव्हे, तर ती मालकी दुसऱ्या व्यक्तीच्या ठिकाणी निर्माण होणे होय. स्वीकारणाऱ्याच्या हातावर पाणी सोडण्याचा विधी याच कायदेशीर क्षणाची खूण होता.

मग जेथे हात पुढे करणारा कोणीच नाही, तेथे काय करायचे? या अडचणीला धर्मशास्त्रकारांनी दिलेले उत्तर आजच्या कोणत्याही विश्वस्ताने समजून घ्यावे असे आहे. त्यांनी पुण्यकर्माचे इष्ट आणि पूर्त असे दोन वर्ग केले. इष्ट म्हणजे यज्ञयागादी कर्मे, आणि पूर्त म्हणजे विहिरी, तळी, देवालये, बागा, अन्नछत्रे यांसारखी लोकोपयोगी कामे. इष्टाचा अधिकार द्विजांपुरता होता, पूर्ताचा मात्र शूद्रांना आणि स्त्रियांनाही होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पूर्तकर्मात द्रव्य एका व्यक्तीला दिले जात नाही, ते सर्वांसाठी सोडले जाते, आणि म्हणून त्याला दानाहून वेगळा असा उत्सर्ग हा शब्द वापरला गेला. उत्सर्गात दात्याची मालकी संपते पण ती दुसऱ्या कोणा एकाच्या ठिकाणी जाऊन स्थिरावत नाही. यातून एक विलक्षण परिणाम निघतो : दान दिलेली गाय दाता पुन्हा वापरू शकत नाही, पण उत्सर्ग केलेल्या तळ्याचे पाणी तो पिऊ शकतो, मात्र मालक म्हणून नव्हे, तर सर्वांपैकी एक म्हणून. देणारा आणि घेणारा यांच्यात दान जी उंच-सखल पातळी निर्माण करते, ती उत्सर्गात विरघळते. साथीच्या रोगांच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे आहे, कारण पटकीचा जंतू वाड्यात शिरताना वाड्याच्या मालकाने धर्मादाय किती केला याची चौकशी करीत नाही, आणि वस्तीचे पाणी शुद्ध झाले की त्यात वाड्याचेही संरक्षण असते.

आरोग्य या विषयाला ही चौकट लागू करण्याचे काम महाराष्ट्राच्या भूमीवर फार पूर्वी झालेले आहे. उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपरार्क याने बाराव्या शतकात याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेल्या टीकेत, आणि देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला हेमाडपंत, याने तेराव्या शतकात रचलेल्या चतुर्वर्गचिंतामणीच्या दानखंडात, नंदिपुराणातील आरोग्यशालेविषयीची वचने दिलेली आहेत. त्या वचनांमागचा युक्तिवाद असा की धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष हे चारही पुरुषार्थ आरोग्यावर अवलंबून असल्यामुळे ज्याने आरोग्याची सोय केली त्याने सर्व काही दिले असे समजावे. आरोग्यशाला औषधांनी सुसज्ज असावी आणि तिथला वैद्य शास्त्र जाणणारा तसाच अनुभवी असावा, अशी अपेक्षाही तेथे आहे. या युक्तिवादात आरोग्य हे इतर देय वस्तूंच्या पंक्तीतील आणखी एक वस्तू राहत नाही. अन्न, वस्त्र, गाय, भूमी या गोष्टी माणूस ज्या आयुष्यात वापरतो ते आयुष्यच आरोग्यावर उभे असते, आणि म्हणून आरोग्य देणारा माणसाला काही विशिष्ट सुख देत नाही, तर आपले सुख कोणते हे ज्याने त्याने ठरवण्याची शक्ती देतो. आधुनिक तत्त्वचिंतनात क्षमतांच्या परिभाषेत मांडल्या गेलेल्या विचाराशी याचे नाते उघड आहे. मात्र हेमाद्रीला लोकशाहीवादी ठरवण्याची घाई करू नये. त्याचाच ग्रंथ ब्राह्मणाला द्यायच्या दानांच्या तपशिलांनी ओसंडून वाहतो.

याहूनही जुना पुरावा नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांत कोरलेला आहे. आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षातील, म्हणजे सामान्यतः तिसऱ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या, एका शिलालेखात विष्णुदत्ता नावाच्या शककुलीन बौद्ध उपासिकेने अक्षयनीवी ठेवल्याची नोंद आहे. अक्षयनीवी म्हणजे ज्याचे मुद्दल कधीही खर्च करायचे नाही आणि केवळ व्याजच वापरायचे असा कायम निधी. हा निधी तिने गोवर्धन येथील कारागिरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवला. त्यांत जलयंत्रे बनवणाऱ्यांची आणि तेल्यांची श्रेणी होती. प्रयोजन होते डोंगरावर राहणाऱ्या भिक्षुसंघातील आजाऱ्यांना औषध पुरवण्याचे. याच लेणीसमूहात शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात तीन हजार कार्षापण नाण्यांची अशीच ठेव आढळते, त्यांपैकी दोन हजार दरमहा शेकडा एक आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण या दराने विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवलेले होते. पण तिथे मुख्य हेतू भिक्षूंच्या चीवरांचा, म्हणजे वस्त्रांचा, होता. आरोग्यासाठी कायम निधी, त्याची तिऱ्हाइताकडे गुंतवणूक, व्याजाचा ठरलेला विनियोग आणि या सर्वाची सार्वजनिक नोंद अशी आजच्या प्रतिष्ठानाची बहुतेक अंगे या एका स्त्रीच्या देणगीत एकत्र दिसतात.

विष्णुदत्तेला ही कल्पना सुचण्यामागे केवळ व्यापारी बुद्धी नव्हती, तिला बौद्ध विचारातील एका स्पष्ट सिद्धांताचे बळ होते. मज्झिमनिकायातील दक्खिणाविभंगसुत्तात गौतमी महाप्रजापती स्वतः विणलेले वस्त्र बुद्धाला देऊ करते आणि बुद्ध तिला ते संघाला देण्यास सांगतो. पुढे व्यक्तीला दिलेल्या दानाचे चौदा आणि संघाला दिलेल्या दानाचे सात प्रकार सांगून, व्यक्तीला दिलेले कोणतेही दान संघाला दिलेल्या दानाहून अधिक फलदायी नसते असा निष्कर्ष काढलेला आहे. संघातले एखाददुसरे भिक्षू अपात्र निघाले तरी संघ पात्रच राहतो, हे त्यामागचे मर्म आहे. सामुदायिक आरोग्याला पैसा देणाऱ्याची मुख्य शंका नेमकी हीच असते की पैसा ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्याबरोबर ज्यांना नाही त्यांनाही पोहोचेल. समुदाय हा व्यक्तींच्या बेरजेहून वेगळा असा प्रतिग्रहीता असू शकतो हे मान्य केल्याशिवाय त्या शंकेचे निरसन होत नाही.

इस्लामी धर्मशास्त्रानेही हीच रेषा आखलेली आहे, फक्त तिला कायद्याचे अधिक धारदार रूप दिले आहे. हनफी परंपरेनुसार जकात अदा होण्यासाठी तमलीक, म्हणजे पात्र व्यक्तीला प्रत्यक्ष मालक करणे, आवश्यक असते, आणि म्हणून जकातीच्या पैशातून रुग्णालयाची इमारत बांधणे त्या परंपरेत मान्य होत नाही. रुग्णालयासाठी वक्फ आहे, ज्यात मूळ मालमत्ता खिळवून ठेवली जाते आणि तिचा लाभ लोकांकडे वाहू दिला जातो.

उत्सर्गाचा हा विचार जितका उदात्त, तितकाच त्याचा इतिहास लाजिरवाणा आहे, आणि आरोग्याच्या संदर्भात तो झाकून ठेवता येत नाही. सर्वांसाठी सोडलेले पाणी खरोखर सर्वांचे कधीच नव्हते. पूर्तकर्म करण्याचा अधिकार शूद्राला देणाऱ्या व्यवस्थेने त्या पूर्ताचा उपभोग घेण्याचा अधिकार अस्पृश्यांना नाकारला होता, आणि सार्वजनिक पाणवठ्यावर गुरांना मुभा पण माणसांना मज्जाव ही स्थिती शतकानुशतके टिकली. जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला, महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले असल्याचे जाहीरही केले, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली लोकांना ते पाणी प्रत्यक्ष ओंजळीत घ्यावे लागले तेव्हा कुठे ‘सर्व’ या शब्दाचा अर्थ वादाच्या कक्षेत आला. एखादे प्रतिष्ठान आपल्या प्रस्तावात समुदाय हा शब्द लिहिते तेव्हा हा इतिहास त्या शब्दाच्या पोटात असतो. गावाची सभा बोलावून गावाची गरज विचारली तर बहुधा जे बोलू शकतात त्यांचीच गरज नोंदली जाते. त्यामुळे समुदाय हा प्रतिग्रहीता तयार सापडत नाही, तो घडवावा लागतो, आणि तो घडवण्याचा खर्च हा आरोग्यावरचाच खर्च असतो.

जामखेडच्या प्रयोगाचे महत्त्व या ठिकाणी आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील या अवर्षणग्रस्त तालुक्यात काम सुरू केले तेव्हा लोकांची निकड दवाखान्याइतकीच अन्नाची आणि पाण्याची होती, आणि ती मान्य करूनच काम पुढे गेले. ज्यांना गावाने आरोग्यसेविका म्हणून निवडले त्या बायकांत निरक्षर होत्या, दलित होत्या. बाळंतपण, लसीकरण, आहार यांचे ज्ञान त्यांच्या हाती आले तेव्हा ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते त्यांच्या हातून सवर्णांच्या घरची बाळंतपणे होऊ लागली. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला हे सर्वज्ञात आहे, परंतु दानाच्या तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट अशी की बाहेरून आलेले धन तेथे औषधाच्या रूपाने वाटले न जाता गावातच राहणाऱ्या माणसांच्या ज्ञानात रूपांतरित झाले. ज्ञान हे असे देय आहे की ते दिल्यावर दात्याला परत मागता येत नाही आणि प्रकल्प बंद झाला तरी जप्त करता येत नाही.

आधुनिक प्रतिष्ठानांच्या कारभारात याच्या उलट ओढ दिसते. स्थायी निधीच्या व्याजातून किंवा कंपनीच्या नफ्यातून निघालेली रक्कम अनुदान म्हणून दिली जाते; तिला ठरावीक मुदत असते, बहुधा तीन वर्षांची; ती हप्त्यांनी मिळते, आणि पुढचा हप्ता मागच्या हप्त्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसा ठरल्या कामीच खर्च झाल्याच्या दाखल्यावर, तसेच आधी ठरवलेल्या निर्देशांकांवर अवलंबून असतो. यातील कोणतीही गोष्ट मुळात वाईट नाही, कारण सार्वजनिक करसवलत घेऊन उभा राहिलेला पैसा अंशतः जनतेचाच असतो आणि त्याचा हिशेब मागितलाच पाहिजे. तथापि हप्ता रोखण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे त्याची मालकी संपलेली नसते. तो देतो पण सोडत नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातील वर्गीकरण लावायचे तर फळावर डोळा ठेवून दिलेले हे दान राजस ठरेल, आणि अनेक कीर्तनकार प्रतिष्ठानांची संभावना याच विशेषणाने करून मोकळे होतील.

ती संभावना फार स्वस्त आहे. गीतेत ज्या फळाची अपेक्षा दान राजस करते ते दात्याला मिळायचे फळ आहे. घेणाऱ्याचे भले झाले की नाही याविषयीची दक्षता ही फलाशा नव्हे, उलट देश, काल आणि पात्र पाहून द्यावे ही सात्त्विक दानाची अट त्या दक्षतेशिवाय पाळताच येत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत राबवली आणि तिची तुलना तशा इतर ४७ गावांशी केली. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रीने जंतुसंसर्ग ओळखून उपचार केल्यास नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटतात हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि पुढे २०११ पासून केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांच्या मार्फत ही कल्पना देशभर स्वीकारली. काटेकोर मोजणी नसती तर हे घडले नसते. ज्या ४७ गावांत ती सेवा तेव्हा पोहोचली नव्हती त्यांचा विचार मनाला टोचतो, आणि टोचावाच. परंतु मोजल्याशिवाय दिलेली सेवा निरुपयोगी निघाली असती तर ती सर्वच गावांची फसवणूक झाली असती, हेही त्या टोचणीइतकेच खरे आहे. येथे मोजणी दात्याच्या समाधानासाठी नव्हती, ती ज्ञान सर्वांचे व्हावे यासाठी होती. तीच मोजणी अनुदान देणाऱ्याच्या सभागृहातील पडद्यावर यशाचा आलेख दाखवण्यापुरती उरते तेव्हा तिचे प्रयोजन बदललेले असते, आकडे तेच असले तरी.

दात्याने कधी बाजूला व्हावे, या प्रश्नाची उत्तरे विसाव्या शतकातील मोठ्या प्रतिष्ठानांनी आपापल्या परीने दिली. जॉन डी. रॉकफेलर यांनी १९०९ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत अंकुशकृमीचा, म्हणजे अनवाणी पायांतून शरीरात शिरून रक्तक्षय घडवणाऱ्या जंताचा, बंदोबस्त करण्यासाठी दहा लाख डॉलर दिले, आणि १९१३ मध्ये स्थापन झालेल्या रॉकफेलर प्रतिष्ठानाने ते काम अन्य देशांत नेताना स्थानिक शासनाने खर्चाचा वाटा उचलावा, तो वाढत जावा आणि प्रतिष्ठानाचा घटत जावा असे धोरण ठेवले. मजूर निरोगी झाला की मळ्यांचे उत्पन्न वाढते, हा हिशेबही त्या औदार्यात होता, अशी टीका इतिहासकारांनी केली आहे आणि ती निराधार नाही. तरीही शासनाला आपले कर्तव्य उचलायला लावून स्वतः निघून जाणे हा उत्सर्गाचाच एक नमुना होय. मुंबईत सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू केले, १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. नाव राहिले, मालकी गेली. नाव पुसण्याचा आग्रह धरणारे नीतिवादी या क्रमापासून काही शिकतील तर बरे, कारण विष्णुदत्तेनेही आपले, पित्याचे, पतीचे आणि पुत्राचे नाव दगडात कोरून घेतलेच होते. आक्षेप नावाला घ्यायचा नसून नावाच्या आडून टिकवलेल्या हुकुमतीला घ्यायचा असतो.

या सर्व विचारावर एक मूलगामी हरकत आहे, आणि ती जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने मांडली होती : शासनाच्या अन्यायामुळे काहींच्या हाती संपत्ती साचते आणि म्हणूनच इतरांना उपकाराची गरज पडते, तेव्हा श्रीमंताच्या मदतीला उपकार म्हणावे की नाही हेच शंकास्पद आहे. आरोग्याच्या क्षेत्रात ही हरकत अधिक बोचते, कारण पिण्याचे शुद्ध पाणी आणि प्रसूतीच्या वेळी कुशल हात या गोष्टी नागरिकाच्या हक्कात मोडतात, कोणाच्या औदार्यात नव्हे. उत्सर्गाच्या कल्पनेत या हरकतीला थोडी जागा आहे, दानाच्या कल्पनेत ती नाही. ज्या द्रव्यावरची मालकी सोडून दिली त्यावर उपकाराचा हक्कही सांगता येत नाही, आणि सोडणारा हा मुळात सर्वांचे असलेले सर्वांकडे परत करीत होता असे म्हटल्याने त्या कृतीचे काही बिघडत नाही.

आजच्या भारतीय कायद्याची ओढ मात्र दुसरीकडे आहे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. ही तरतूद मोलाची आहे, पण तिचा प्रतिग्रहीता शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन उभा असलेला एकेकटा आजारी माणूस आहे. कंपनी अधिनियम, २०१३ मधील कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चायची असते आणि त्या कार्यांच्या यादीत प्रतिबंधक आरोग्यसेवा व स्वच्छता यांचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे समुदाय हा प्रतिग्रहीता तेथे मान्य झाला आहे. परंतु २०२१ पासून या रकमेतून कोणत्याही संस्थेच्या स्थायी निधीत भर घालणे ग्राह्य धरले जात नाही. पैसा अशा निधीत नुसता पडून राहू नये, हा या बंधनामागचा विचार, आणि त्यात तथ्य आहे. त्याचा दुसरा अर्थ असा की मुद्दल कायम ठेवून केवळ व्याजातून आजाऱ्यांना औषध पुरवणारी विष्णुदत्तेसारखी ठेव आजची कंपनी या २ टक्क्यांतून करू शकत नाही, आणि तिच्या पैशातून नेमलेल्या आरोग्यसेविकेचे मानधन चौथ्या वर्षी कोणी द्यायचे याची तरतूद गावाच्या घरपट्टीतून करायची की जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकातून, हे पहिल्याच वर्षी, करारावर सही होण्यापूर्वी, ठरवावे लागते.